चाकांवरील घराची परीक्षा

कार्तिकी पौर्णिमेस वारासिवनी तालुक्यातील रामपायली येथे यात्रा भरते. मोटारीचा सुळसुळाट होण्यापूर्वी या यात्रेस माणसे येत ती बैलगाडीतून, आणि येत ती बिऱ्हाडासह. गाडीवर तट्ट्याचे छप्पर, तळाशी तणसाचा जाड थर, त्यावर गोधडी, मागे तांदळाची गाठोडी आणि आखाखाली टांगलेला कंदील. रात्री त्याच गाडीत पोरेबाळे निजत. निघण्यापूर्वी गाडीवान आख पाही, चाकाची धाव ठोकून पाही, वंगण घाली. या तपासणीसाठी सरकारी माणूस लागत नसे. कारण आख मोडला तर उलथणार होती ती त्याचीच मुलेबाळे. परीक्षा घेणारा आणि परीक्षेच्या निकालाचे फळ भोगणारा एकच होता.

आज नागपूरकडून तुमसर-वारासिवनीच्या वाटेने कान्हाच्या अरण्याकडे जाणाऱ्या गाड्यांत क्वचित एखादी अशी दिसते की, तिला बस म्हणावे की घर, हे कळत नाही. आत निजण्याचे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, न्हाणीघरदेखील! कॅम्पर व्हॅन किंवा कॅराव्हॅन या नावाने ती ओळखली जाते. पुष्कळदा ती मुळात बस किंवा मालाची गाडी असते आणि मागाहून तिचे घर केलेले असते. अशा गाडीची परीक्षा कोणी घ्यावी आणि ती कशाची म्हणून घ्यावी, या प्रश्नाला वाटते त्याहून लांब इतिहास आहे.

हिंदुस्थानात मोटारींविषयीचा पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ सालचा. त्याचे लक्ष मुख्यत्वे नोंदणी, चालकाचा परवाना आणि रस्त्यावरील शिस्त यांकडे होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मध्यप्रांत-वऱ्हाडात मोटारी धावू लागल्या तेव्हा परदेशी कारखान्यातून पुष्कळदा येई तो नुसता सांगाडा, म्हणजे चेसिस: इंजिन, चाके आणि लोखंडी पट्ट्या. त्यावरची बस येथले सुतार-लोहार बांधीत. सागाची चौकट, वरून पत्रा, आत लाकडी बाके. सागवानाचा तुटवडा या मुलुखात नव्हता. याचा अर्थ असा की, त्या काळची जवळजवळ प्रत्येक प्रवासी गाडी ही एका अर्थी 'बदललेली' गाडीच होती. कारखान्यातून निघालेले रूप तेच खरे, ही कल्पना तेव्हा कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने या व्यवहाराला चौकट दिली. भाड्याने माणसे किंवा माल नेणाऱ्या गाडीस योग्यता प्रमाणपत्र असल्याखेरीज रस्त्यावर येता येणार नाही, असे त्यात ठरले. आपल्याकडे गाडी 'पासिंगला' नेणे हा जो शब्दप्रयोग रुळला आहे, तो याच परीक्षेचा. पाठोपाठ मध्यप्रांत-वऱ्हाडाचे नियम १९४० साली झाले आणि बालाघाट व भंडारा हे दोन्ही शेजारी जिल्हे एकाच नियमावलीखाली आले. बालाघाट जिल्हा १८६७ साली जो बनला, तो भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग तोडूनच. त्यामुळे हे शेजारपण जुने.

गाडीत फेरबदल करण्यासंबंधी त्या कायद्याची मूळ भाषा मात्र आज ऐकताना नवल वाटावे इतकी सैल होती. मालकाने गाडीत असा बदल केला की नोंदणीपुस्तकातील तपशील जुळेनासा झाला, तर त्याने ठरावीक मुदतीत तो अधिकाऱ्यास कळवावा. आधी बदल, मग वर्दी! गाडी ज्याची, बदलाचा अधिकार त्याचा, हे त्यात गृहीत होते.

या मोकळिकीत कितीतरी माणसांचे संसार चालले. महाराष्ट्रातील तमाशाचे फड आणि तंबूतील सिनेमे ट्रकांवर गावोगाव फिरले. पडदा, कनात, पेट्या आणि माणसे सारे एकाच गाडीत. कॅराव्हॅन हा शब्द ज्यांच्या कानी कधी पडला नव्हता, त्यांनीच आपल्याकडे चाकांवर खरी बिऱ्हाडे केली. एक उदाहरण निराळ्या मोलाचे आहे. वरोऱ्याच्या आनंदवनातील बाबा आमटे यांना पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बसणे शक्य नव्हते. उभे राहावे किंवा पडून राहावे, एवढेच त्यांच्या हाती होते. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा निघाली तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि बाबा गाडीत निजून त्यांच्यासोबत देश ओलांडीत होते. गाडीत बिछाना ही चैन असते, असे मानणाऱ्याने हे चित्र डोळ्यांसमोर आणावे.

पुढे कायद्याचा सूर बदलत गेला. १९८८ च्या नव्या कायद्याने फेरबदलापूर्वी सूचना देऊन संमती घेण्याचे बंधन घातले. २००० सालच्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले: उत्पादकाने मुळात जो तपशील दिला असेल, त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाला करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच भाषेचा अर्थ काटेकोरपणे लावला. ऐंशी वर्षांत गाडीच्या रूपावरचा शेवटचा शब्द मालकाच्या हातून कारखानदाराच्या हाती गेला होता. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने फेरबदलाच्या अटी व मानके केंद्र सरकारने ठरवावीत, अशी वाट मोकळी केली. पण त्याचबरोबर विनापरवाना केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूदही झाली.

हा कडकपणा निव्वळ कागदी आहे, असे कोणी म्हणू नये. बसमधील बाके काढली म्हणजे गाडी हलकी झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खोटी आहे. माणसे चढतात आणि उतरतात. कपाटे, पलंग आणि टाक्या उतरत नाहीत. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, आणि टाकी एका अंगास बसविली तर ते एकाच अंगास. टाकी अर्धी भरलेली असेल तर वळणावर पाणी बाहेरच्या अंगास धावते आणि गाडीलाही तिकडे ओढते. बालाघाटहून बैहरकडे चढणाऱ्या घाटात याचा अर्थ काय होतो, हे तेथील चालकास सांगावे लागत नाही. छतावर सामान चढविले की भार उंच जातो आणि कलण्याची भीती वाढते. शेगडीचा वायू, विजेच्या नव्या तारा, झोपेत असलेल्या माणसांना बाहेर पडण्याची वाट, यांपैकी एकही गोष्ट साध्या बसच्या तपासणीत येत नाही. निरीक्षक ब्रेक, दिवे, धूर, सुकाणू आणि टायर पाहतो; शेगडी पाहण्याचे कारण जुन्या काळी त्याला पडतच नव्हते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या मानकांच्या मालिकेत मोटार कॅराव्हॅनसाठी १२४ क्रमांकाचे स्वतंत्र मानक निघाले, ते ही उणीव ओळखूनच. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा हा विषय हौशी लोकांपुरता राहिला नाही.

इतरत्र तरी हा पेच नीट सुटला आहे काय? ब्रिटनमध्ये १९६० साली जुन्या खाजगी गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. तेथे मोटार कॅराव्हॅन कितीही जड असली, तरी तिची परीक्षा साध्या मोटारीच्या वर्गात होते. तीच अवजड गाडी राहण्याच्या सोयीबरोबर मालही वाहू लागली, की तिला मालगाडीची कठोर परीक्षा द्यावी लागते. वजन तेच, ब्रेक तेच. प्रश्न फक्त आत काय ठेवले आहे एवढाच. मला तर ही विभागणी निरीक्षकापेक्षा वकिलाच्या सोयीची वाटते.

आपल्याकडील विभागणी निराळी आहे, पण तितकीच विचित्र. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन ही आपल्या वर्गवारीत परिवहनेतर गाडी ठरते. तिची नोंदणी पंधरा वर्षांची. ती मुदत सरेपर्यंत तिला पुन्हा परीक्षेस आणण्याचे नियमित बंधन नाही, आणि त्यानंतर ते पाच-पाच वर्षांनी. तशीच गाडी कोणी भाड्याने देऊ लागला की ती परिवहन गाडी होते आणि योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांच्या वयापर्यंत दोन-दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी घ्यावे लागते. परक्यास भाड्याने दिलेल्या बिछान्याची काळजी कायदा वारंवार घेतो. स्वतःच्या मुलाबाळांच्या बिछान्याची काळजी मालकावर सोपवतो. येथपर्यंत रामपायलीच्या गाडीवानाचा न्याय झाला. परंतु त्या गाडीवानाला आख कळत होता. आजच्या मालकाला दुसऱ्याच्या हातून बसविलेल्या टाकीखालचा कणा दिसत नाही, आणि वायूची नळी कोठे घासते आहे हेही कळत नाही.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघाला. आज वारासिवनीच्या बाजारात एमपी ५० आणि एमएच ३५ या पाट्यांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. कर आणि परवाने यांचे नियम नदीच्या अल्याड-पल्याड बदलतात. योग्यता प्रमाणपत्र मात्र, ते जिवंत असेपर्यंत, सर्व भारतात चालते. म्हणून गोंदियाच्या निरीक्षकाने ब्रेक पाहून केलेली सही बैहरच्या घाटात लागू पडते आणि बालाघाटची सही नागपुरात. खाजगी कॅम्पर व्हॅनवर मात्र नोंदणीच्या दिवसानंतर पंधरा वर्षे अशी कोणाचीच सही नसते.