पोल चुकवण्यापासून पोल पाडण्यापर्यंत

स्लालोमची शर्यत टीव्हीवर पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास प्रश्न पडतो: हा स्कीपटू पोल चुकवायचे सोडून त्यांना बडवत का सुटलाय? लाल, निळा, पुन्हा लाल. मुठीचा फटका बसला की पोल बर्फावर आडवा होतो आणि माणूस पुढे गेला की पुन्हा ताठ उभा राहतो. जुन्या बांबूच्या पोलला कोणी असं भिडलं असतं, तर हात गळ्यात बांधून घरी गेलं असतं.

हे पोल डोंगरावर आले ते ऑस्ट्रियात. 19 मार्च 1905 रोजी लिलिएनफेल्ड या गावाजवळ मथियास झ्डार्स्कीने उतारावर पोल रोवून 85 गेट, म्हणजे वळत पार करायची दारं, लावली आणि 24 जणांना खाली सोडलं. झ्डार्स्की हाडाचा शिक्षक. हातात एकच लांब काठी घेऊन आल्प्सच्या खड्या उतारांवर सुखरूप कसं उतरायचं, हे तो शिकवायचा. त्याच्या लेखी गेट म्हणजे परीक्षा: सांगितलं तिथे वळता येतं की नाही, एवढंच पाहायचं.

त्या परीक्षेची शर्यत केली अर्नोल्ड लन या इंग्रज गृहस्थाने. 1922च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन इथे त्याने पोलांच्या जोड्या रोवल्या आणि ऐट, डौल, शैली यांचे गुण देणं बंद करून फक्त घड्याळाकडे पाहायचं ठरवलं. त्यामागचा विचार साधा होता. डोंगरावरून रानातून उतरताना झाडं आडवी येतात. मग उघड्या उतारावर झाडांच्या जागी पोल लावा आणि कोण चटकन वाट काढतो ते पाहा. पुढे 1931मध्ये म्युरेनलाच पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 1936मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला.

पोल म्हणजे झाड, ही कल्पना मग पन्नासेक वर्षं टिकली आणि खेळाडूंचं शरीर तिनेच घडवलं. बांबू हलत नसे. त्यामुळे स्की, गुडघे, कंबर, खांदा, सगळं काही त्याला वळसा घालूनच न्यावं लागे. निसटताना खांदा आत चोरून घेणं ही मोठी कला मानली जायची.

पण गेट पार झालं म्हणजे नेमकं काय झालं? या प्रश्नाने 1968च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये चांगलाच घोळ घातला. दाट धुक्यात ऑस्ट्रियाचा कार्ल श्रान्झ मध्येच थांबला. काळ्या कपड्यातलं कोणीतरी आडवं आलं, असं त्याचं म्हणणं. त्याला पुन्हा उतरू दिलं, आणि तो फ्रान्सच्या जाँ-क्लोद किलीपेक्षा सरस ठरला. थोड्या वेळाने पंचांनी निकाल फिरवला: थांबण्याआधीच त्याने गेट चुकवलं होतं. सुवर्णपदक किलीला मिळालं. खुद्द पंचांनाही जिथे धड दिसत नव्हतं, तिथल्या त्या निकालावर माझा काही पूर्ण विश्वास बसत नाही.

नियमाचं बोट असतं ते पावलांवर. दोन्ही पावलं आणि स्कीची टोकं गेटच्या रेषेतून गेली की झालं. डोकं-खांदे कुठून गेले, याची नियमाला फिकीर नाही. ही फट 1980च्या दशकाच्या सुरुवातीला उघडी पडली, कारण तेव्हा बिजागरीचे प्लास्टिकचे पोल आले. बर्फात भोक पाडून तळाचा आट्यांचा भाग पिळून बसवतात. बर्फाच्या पातळीवर लवचीक सांधा असतो, त्यामुळे वरचा भाग लवतो आणि परत उठतो. झाडाचं झाडपणच संपलं. आता पावलं पोलच्या बाहेरून आणि धड आतून, जवळपास सरळ खाली. वाटेत येणारा पोल बाहेरच्या हाताने पाडायचा. मग नडगीला कवच आलं, मुठीपुढे ढाल आली आणि हेल्मेटला जबड्यासमोर दांडी आली.

शिकवणाऱ्यांची पंचाईत इथून सुरू झाली. पोरांना पोल पाडण्याचा भारी आनंद. पोल आला रे आला की हात पुढे जातो, त्यामागे खांदा फिरतो आणि बाहेरच्या स्कीवरचा भार सुटतो. वळण बिघडतं, पण फटका झकास बसतो! म्हणून प्रशिक्षक खांद्यावर ड्रिल मशीन घेऊन सकाळी उतारावर जातात ते बऱ्याचदा गुडघ्याएवढे बुटके पोल किंवा नुसते ब्रश रोवायला. हाताला मारायला काही उरलंच नाही, की मुलाचं लक्ष आपसूक पायांकडे जातं. पूर्ण उंचीचे, म्हणजे जवळजवळ 1.8 मीटरचे पोल नंतर. मला हे योग्यच वाटतं, कारण पोल पडतो तो वाट अचूक धरल्यामुळे. तो पाडला म्हणून वाट सापडत नाही.

आखूड स्की आल्यावर (पुरुषांसाठी किमान 165 सेंटीमीटर, बायकांसाठी 155) वळणं आणखी चिमटली आणि पाय पोलच्या बुंध्याला घासून जाऊ लागले. त्यातून हल्लीची नेहमीची चूक आली: एक स्की पोलच्या चुकीच्या बाजूने जाते. पोल लवत असल्याने खेळाडू सहसा पडत नाही, तसाच पुढे जातो. पंच मग व्हिडिओ मागेपुढे करत बसतात.

स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कने विश्वचषकाच्या 86 शर्यती जिंकल्या, त्यातल्या 40 स्लालोमच्या. त्याच्या कारकिर्दीची पहिली वर्षं न लवणाऱ्या पोलांची. 1989मध्ये तो निवृत्त झाला तोवर सगळीकडे बिजागरी आली होती. मार्च 2023मध्ये अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने स्वीडनमधल्याच ओरे इथे 87वा विजय मिळवला, तोही स्लालोममध्ये. तेव्हा दोघांचे आकडे शेजारी मांडून थोर कोण, याची चर्चा रंगली. स्टेनमार्कला निम्मी कारकीर्द झाल्यावर वळायचं कसं हे नव्याने शिकावं लागलं, ही गोष्ट त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हती.