सर्जनशीलता म्हणजे नेमके काय? आहुपे खोऱ्यातील पडकई काय शिकवते

सर्जनशीलता हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर कवी, चित्रकार, संगीतकार किंवा जाहिरात क्षेत्रातील माणसे येतात. त्यामुळे अनेक जण स्वतःबद्दल सहज म्हणून टाकतात, ‘आपण काही क्रिएटिव्ह नाही बुवा!’ प्रत्यक्षात सर्जनशीलता ही फक्त कलेची गोष्ट नाही. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर वसलेल्या आहुपे आणि आजूबाजूच्या गावांत ती भाताच्या खाचरांत दिसते.

सर्जनशीलतेची सोपी व्याख्या

मानसशास्त्रात सर्जनशीलतेच्या दोन अटी सर्वसाधारणपणे मानल्या जातात.

१. कल्पना किंवा कृती नवी असावी.
२. ती त्या परिस्थितीत उपयोगी किंवा समर्पक असावी.

नुसते वेगळे असून भागत नाही. पावसात कागदाची छत्री वापरणे नवे असेल, पण उपयोगाचे नाही. तसेच नुसते उपयोगी असणेही पुरेसे नाही. रोजच्या पद्धतीने केलेला वरणभात उपयोगी असतो, नवा नसतो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सर्जनशीलता दिसते.

‘नवे’ म्हणजे जगात पहिल्यांदाच, असेही नाही. अभ्यासक मोठी आणि छोटी सर्जनशीलता असा फरक करतात. विज्ञानातील क्रांतिकारक शोध ही मोठी सर्जनशीलता. घरातल्या उरलेल्या पोळ्यांचा पहिल्यांदाच कुस्करा करून पाहणे, दुकानातला माल नव्या पद्धतीने मांडणे ही छोटी सर्जनशीलता. बहुतेकांचे आयुष्य सोपे होते ते या दुसऱ्या प्रकारामुळे.

पडकई म्हणजे काय?

आहुपे परिसरात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. नावात ‘कोळी’ असले तरी हा समुद्रावरचा नव्हे, डोंगरातला शेतकरी समाज आहे. पाऊस धो-धो पडतो, पण जमीन उताराची. पाणी थांबत नाही आणि माती वाहून जाते. अशा जमिनीवर नाचणी, वरई ही पिके येतात. भाताला मात्र खाचर लागते, म्हणजे सपाट आणि बांध घातलेली, पाणी धरून ठेवणारी जमीन.

यावरचा स्थानिक उपाय म्हणजे पडकई. उतारावर आडवा दगडी बांध घालायचा, वरच्या बाजूची माती खणून बांधामागे भरायची आणि जमीन टप्प्याटप्प्याने सपाट करायची. एकट्या कुटुंबाला हे झेपत नाही, म्हणून लोक एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबतात. इतर भागांत ज्याला इर्जिक किंवा सावड म्हणतात, तसाच हा व्यवहार.

यात नवीन वस्तू एकही नाही. दगड, माती, पाऊस आणि माणसे आधीपासून होतीच. ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट बोडेन यांनी सर्जनशीलतेचे तीन प्रकार सांगितले आहेत: ओळखीच्या गोष्टींची अनोळखी जुळणी, एखाद्या पद्धतीच्या चौकटीत राहून तिच्या शक्यता शोधणे आणि ती चौकटच बदलणे. पडकई पहिल्या दोन प्रकारांत बसते. उताराची अडचण तिथेच राहते, पण त्याच उतारावरून येणारे पाणी आता खाचरात थांबते.

धरणानंतरचा प्रश्न

याच खोऱ्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते जुने आंबेगाव पाण्याखाली गेले आणि अनेक आदिवासी कुटुंबांची सुपीक जमीन बुडाली. ज्यांनी धरणासाठी जमीन दिली, त्यांच्या वाट्याला उरला तो उतार.

येथे कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेने स्थानिकांसोबत दीर्घकाळ काम केले. या कामातून पुढे आलेले मार्ग पाहण्यासारखे आहेत.

• पडकई: जुन्या पद्धतीला सरकारी योजनेचा आधार मिळावा म्हणून पाठपुरावा झाला आणि पुढे ती सरकारी योजनेचा भाग बनली. उरलेल्या उतारावर खाचरे तयार होऊ लागली.
• गाळपेर: जलाशयाचे पाणी ओसरले की काठची जमीन उघडी पडते. त्या ओलीवर पीक घेतले जाऊ लागले.
• मासेमारी: जमीन बुडवणाऱ्या पाण्यातच उपजीविका शोधली गेली. डोंगरी शेतकऱ्यांनी सहकारी पद्धतीने जलाशयात मासेमारी सुरू केली.

या कामासाठी ‘शाश्वत’ला 2012 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी संलग्न असलेला इक्वेटर पुरस्कार मिळाला.

म्हणून झालेला अन्याय भरून निघाला असे नाही. लोक सर्जनशील आहेत, ते काहीतरी मार्ग काढतीलच, असे म्हणून पुनर्वसनाची जबाबदारी झटकता येत नाही. अडचणीतून कल्पना सुचू शकते, पण ती अमलात आणायला जमिनीवर हक्क, थोडा पैसा आणि सोबत लागते.

कल्पना सुचते कशी?

ग्रॅहॅम वॉलस यांनी 1926 मध्ये चार टप्पे मांडले. ते आजही उपयोगी पडतात.

१. तयारी: विषयाची माहिती आणि सराव.
२. मुरवण: प्रश्न बाजूला ठेवणे. मन आतल्या आत काम करत राहते.
३. उलगडा: अचानक उत्तर दिसणे.
४. पडताळणी: ते उत्तर खरेच चालते का, हे तपासणे.

लोकांना तिसरा टप्पाच आठवतो, कारण गोष्टीत तोच रंगतो. पण पहिल्याशिवाय तिसरा येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये आपल्या धानाच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी ते बियाणे राखले, पुन्हा पुन्हा पेरून निवड केली आणि ‘एचएमटी’ हा प्रसिद्ध तांदूळ घडला. अशा लोंब्या इतरांच्याही नजरेसमोरून गेल्या असतील. धान रोज निरखून पाहणाऱ्यालाच त्यातला फरक कळला.

पडताळणी का महत्त्वाची?

30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्याच्या याच डोंगरी पट्ट्यातील माळीण गावावर दरड कोसळली आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. अतिवृष्टी हे समोर दिसणारे कारण होते. पण त्यानंतर उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणावरही गंभीर प्रश्न विचारले गेले. अशा दुर्घटनेमागे पाऊस, उतार, मातीचा प्रकार आणि मानवी हस्तक्षेप अशा अनेक बाबी असतात. एकाच गोष्टीवर बोट ठेवून मोकळे होता येत नाही.

तरीही एक धडा स्पष्ट आहे. हाताने केलेल्या कामात माणूस रोज माती पाहतो, पाणी कुठून वाहते ते पाहतो आणि चुकले तर थांबतो. तेच काम वेगाने आणि मोठ्या प्रमाणावर केले की ही रोजची तपासणी सुटू शकते. कल्पना तीच असली तरी साधन, वेग आणि प्रमाण बदलले की ती पुन्हा तपासावी लागते. कार्यालयातील नव्या संगणक प्रणालीपासून शाळेतील नव्या प्रयोगापर्यंत हे सगळीकडे लागू आहे.

सर्जनशीलतेबद्दलचे तीन गैरसमज

• ‘ती जन्मजातच असते.’ स्वभावाचा वाटा असतो, पण ज्ञान, सराव आणि आवड यांचाही तेवढाच असतो. टेरेसा अमाबिले यांच्या संशोधनानुसार कामातच रस असलेली माणसे अधिक सर्जनशील असतात. केवळ बक्षीस किंवा मूल्यमापनासाठी केलेल्या कामात ती अनेकदा घटते.
• ‘मेंदूचा उजवा भाग सर्जनशील, डावा तर्कशुद्ध.’ सर्जनशील विचारात मेंदूच्या दोन्ही बाजूंचे अनेक भाग एकत्र काम करतात.
• ‘सगळे एकत्र बसले की जास्त कल्पना येतात.’ येल विद्यापीठात 1958 मध्ये झालेल्या प्रयोगात उलटे दिसले. एकेकट्याने विचार करून नंतर एकत्र केलेल्या कल्पना गटात सुचलेल्या कल्पनांपेक्षा जास्त भरल्या. म्हणून बैठकीत आधी प्रत्येकाने कागदावर लिहावे आणि मग चर्चा करावी.

रोजच्या जीवनात काय करता येईल?

• प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडा. ‘उतार कसा घालवायचा?’ याऐवजी ‘या उतारावर पाणी कसे थांबवायचे?’ असे विचारले की उत्तर बदलते.
• हाताशी काय आहे याची यादी करा. नवे साधन विकत घेण्याआधी जुन्याची नवी जुळणी करून पाहा.
• अडलेले काम थोडा वेळ बाजूला ठेवा. फिरून या, झोप घ्या.
• कल्पना आधी छोट्या प्रमाणावर वापरून पाहा. एक खाचर टिकले की दुसरे.
• ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्यांना आधी विचारा. जमिनीची ओळख तिथे राबणाऱ्याला सर्वांत जास्त असते.
• श्रेय वाटून द्या. पडकईतला बांध कोणा एकाचा नसतो. आज तुमच्या शेतावर, उद्या माझ्या, या भरवशावरच तो उभा राहतो.