असाझुके
असाझुके : झटपट मुरवलेले जपानी लोणचे. जपानीत लोणच्यांना एकूण ‘त्सुकेमोनो’ म्हणतात. त्यांतला हा हलका मुरवलेला प्रकार. तांदळाच्या कोंड्यात मुरणाऱ्या ‘नुकाझुके’ला किंवा खारवून उन्हात वाळवलेल्या ‘उमेबोशी’ला सवड लागते; असाझुके अर्ध्या तासात, फार तर रातोरात होते. म्हणूनच आजच्या घरांत ते सोयीचे. काकडी, चिनी कोबी किंवा मुळा चिरून भाजीच्या वजनाच्या सुमारे २% मीठ चोळतात, कोम्बू या समुद्री शेवाळाची पट्टी व सुक्या मिरचीचे तुकडे घालून वर वजन ठेवतात. त्यासाठी दाब देणारा, फिरकीचा प्लॅस्टिकचा डबाही मिळतो. मिठाने पाणी सुटते. फोड लवते, पण दाताखाली कुरकुरते. तेल, मोहरी, फोडणी काहीच नसल्याने भाजीची मूळ चव पुढे येते, हेच याचे खरे वैभव. निथळून गरम भाताबरोबर खातात. मीठ कमी आणि आंबवण जवळजवळ नाही, त्यामुळे ते टिकत नाही. २०१२ मध्ये होक्काइदोत तयार झालेल्या चिनी कोबीच्या असाझुकेतून ई. कोलाय जिवाणूंची बाधा होऊन ८ जण दगावले. भाज्या वाहत्या पाण्यात नीट धुवाव्यात, लोणचे फ्रिजमध्येच ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे.