सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी ‘कॅप’ : बारावी कुठून केली आणि दाखल्यावर काय लिहिलंय, यावर प्रवेश कसा ठरतो?

बारावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या महा ई-सेवा केंद्रांवर आणि सायबर कॅफेंमध्ये गर्दी होते. सीईटीचे पर्सेंटाइल हातात असतात, कॉलेजचं नावही मनात पक्कं असतं. तरीही दरवर्षी काही विद्यार्थ्यांचा अर्ज कागदपत्रांच्या छाननीत अडकतो. कमी गुण हे त्याचं एकमेव कारण नसतं. जन्मस्थळ, बारावीचं कॉलेज आणि जातवैधता प्रमाणपत्र या तीन गोष्टींमुळेही अनेकदा गणित बिघडतं.

कॅप म्हणजे काय?

अभियांत्रिकी, औषधनिर्माण, विधी, बीएड, एमबीए अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, एका केंद्रीभूत प्रक्रियेतून करतं. हीच ‘कॅप’. खासगी विनाअनुदानित संस्थांच्या प्रवेशांसाठी तिला २०१५च्या राज्य कायद्याचा आधार आहे. बीए, बीकॉम, बीएस्सी यांसारख्या पारंपरिक अभ्यासक्रमांना ती लागू नाही. त्यासाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत अर्ज करावा लागतो.

बीबीए आणि बीसीएबद्दल मात्र अजूनही गोंधळ होतो. हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आल्यामुळे २०२४-२५पासून त्यांनाही सीईटी लागू झाली. पहिल्याच वर्षी ही गोष्ट अनेकांपर्यंत पोहोचली नव्हती आणि सीईटी पुन्हा घ्यावी लागली होती.

छाननी केंद्रावर नेमकं काय होतं?

पूर्वी अर्ज घेऊन केंद्रावर रांग लावावी लागायची. कोरोनाच्या वर्षापासून ई-स्क्रूटिनीचा पर्याय आला. विद्यार्थी कागदपत्रं अपलोड करतो आणि केंद्रातले कर्मचारी ती ऑनलाइन तपासतात. ज्यांना हे जमत नाही त्यांना प्रत्यक्ष केंद्रावर जाता येतं. या केंद्राला सगळे अजूनही ‘एफसी’च म्हणतात. गावातून मोबाइलवर धूसर फोटो अपलोड करण्यापेक्षा मूळ कागदपत्रं घेऊन जवळच्या केंद्रावर गेलेलं बरं, कारण चूक जागीच कळते.

ऑनलाइन अर्जात त्रुटी निघाली तर तो विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये परत येतो. तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर अर्ज निश्चित होत नाही. फॉर्म भरला, पैसे भरले, म्हणजे काम झालं असं समजून लॉगिन न उघडणारे इथेच मागे पडतात. अर्ज निश्चित झाल्याची पावती हाती आली तरच नाव गुणवत्ता यादीत येतं. आधी तात्पुरती यादी लागते, मग हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात आणि त्यानंतर अंतिम यादी.

माहेरच्या बाळंतपणाचा प्रवेशाशी काय संबंध?

दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केलेला विद्यार्थी सर्वसाधारणपणे ‘टाइप ए’मध्ये मोडतो. पण त्यासोबत त्याचा जन्म महाराष्ट्रातला असावा किंवा त्याच्याकडे अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाईल, असावं लागतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ राज्यातलं असेल तर बहुतेकांचं काम त्या दाखल्यावरच भागतं.

सोलापूर जिल्ह्यात अडचण इथेच येते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या तालुक्यांचे सोयरसंबंध पलीकडे विजयपूर, इंडी, आळंदपर्यंत आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी झालं की दाखल्यावर जन्मस्थळ कर्नाटकातलं लागतं. मूल पुढे आयुष्यभर सोलापुरात राहिलं, शिकलं, तरी तो दाखला पुरत नाही. तहसील कार्यालयाचं डोमिसाईल लागतं आणि त्यासाठी राज्यात १५ वर्षं वास्तव्य असल्याचे पुरावे द्यावे लागतात. निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा दाखल्यावरची ही ओळ अकरावीतच बघून ठेवावी.

दहावी किंवा बारावी राज्याबाहेरून केली असेल तर ‘टाइप बी’चा मार्ग उरतो. त्यात विद्यार्थ्याचं अथवा आई-वडिलांपैकी एकाचं डोमिसाईल चालतं. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थांत शिकलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘टाइप ई’ आहे. पण तो फक्त महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांपुरता. सीमेपलीकडचं कुठलंही गाव त्यात बसत नाही.

लातूरला बारावी केली तर?

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालं. त्याआधी जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. एकाच जिल्ह्यापुरतं असलेलं हे विद्यापीठ, आणि अभियांत्रिकी प्रवेशात त्याला वेगळंच महत्त्व येतं.

अभियांत्रिकीच्या बहुसंख्य संलग्न महाविद्यालयांत राज्यातल्या जागांपैकी ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी असतात. टाइप ए विद्यार्थ्याचं ‘होम युनिव्हर्सिटी’ बारावी कुठून केली यावर ठरतं, घराच्या पत्त्यावर नाही. त्यामुळे अकरावी-बारावीसाठी लातूरला गेलेला सोलापूरचा मुलगा कागदोपत्री नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा होतो. सोलापुरात परत येऊन प्रवेश घ्यायचा तर तो ३० टक्क्यांच्या रांगेत उभा राहतो. लातूरच्या क्लासचा फायदा मोजताना हा हिशेब सहसा कोणी करत नाही. वैद्यकीय प्रवेशातला ७०:३० प्रादेशिक कोटा मात्र २०२०मध्ये रद्द झाला आहे.

पर्सेंटाइल चांगले, तरीही अपात्र?

असं होऊ शकतं. बीई-बीटेकसाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य आहेत. त्याला रसायनशास्त्र, जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा तांत्रिक विषयाची जोड लागते. या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राज्यातल्या मागास, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० टक्के गुण हवेत. ३०० पैकी १३५ आणि १२०, असा साधा हिशेब. बारावीची एकूण टक्केवारी इथे धरत नाहीत.

जातवैधतेचा प्रश्न इथे येऊन मिळतो. समजा, ओबीसी प्रवर्गातल्या मुलीला तीन विषयांत ४२ टक्के आहेत. जातवैधता प्रमाणपत्र किंवा नॉन-क्रिमीलेअर वेळेत दिलं नाही तर तिचा अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. तिथे ४५ टक्के लागतात, म्हणजे आरक्षित जागेबरोबर तिची पात्रताही जाते. पडताळणी समितीकडे अर्ज केल्याच्या पावतीवर काही वर्षी मुदत मिळाली आहे, पण ती दरवर्षीच्या निर्णयावर अवलंबून असते. म्हणून बारावीत असतानाच कॉलेजचं पत्र घेऊन जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करावा. अनुसूचित जमातींसाठीची समिती वेगळी असते. नॉन-क्रिमीलेअर जुनं असेल तर त्याच्या वैधतेची तारीखही बघावी लागते.

मुलींची फी माफ, पण कोणत्या जागेवर?

जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधून झालेला असावा, ही त्यातली अट. व्यवस्थापन कोट्यातून ‘आत्ताच जागा पक्की करा’ असं कोणी सांगितलं आणि घरच्यांनी घाईत पैसे भरले, तर ही सवलत हातची जाते.

पर्याय भरताना क्रम का महत्त्वाचा?

२०२५-२६मध्ये अभियांत्रिकीच्या चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घेणं बंधनकारक. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम. त्यामुळे ‘मिळण्यासारखं’ कॉलेज वर टाकून सुरक्षित राहण्याचा सल्ला अंगाशी येतो. जागा तीच मिळते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. ट्यूशन फी माफीच्या (टीएफडब्ल्यूएस) जागेचा चॉइस कोड स्वतंत्र असतो. तो वेगळा भरला नाही तर त्या जागेसाठी विचारच होत नाही.

फेऱ्यांची संख्या आणि तारखा दरवर्षी बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मिळते. व्हॉट्सॲपवर फिरणारं वेळापत्रक अनेकदा मागच्या वर्षीचं असतं.