काशीवास, तेव्हाचा आणि आताचा

पूर्वी संसार मुलांवर सोपवून वृद्ध काशीवासास जात. तेथे देह ठेवल्यास मोक्ष, ही श्रद्धा. शिवाय मराठी शेजारही लाभे. इ. स. १८१८ मध्ये राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव सालीना ८ लाख रुपयांच्या निवृत्तिवेतनावर गंगातीरी ब्रह्मावर्तास राहिले. बंधू चिमाजीअप्पा काशीस. त्यांच्या आश्रयाने कित्येक मराठी कुटुंबे तिकडे स्थिरावली.

आज लोट्यातील निवृत्त बांधव मुलांपाठोपाठ बंगळूर, बडोद्यास जातात. त्यांना दोष कोण देईल? वार्धक्यास आधार हवाच. परंतु पूर्वी वृद्ध गेले तरी मागे मुले असत, देवापुढे दिवा लागे. आता वृद्ध निघताच घरास कुलूप पडते. ज्ञातिबांधवहो, वर्षातून एकदा तरी परशुरामाच्या दर्शनास यावे आणि ते कुलूप उघडावे, ही विनंती.