खोडलेला परिच्छेद

१९३१ सालच्या मे महिन्यात लंडनहून निघणाऱ्या 'नेचर' या साप्ताहिकात एक चिमुकले पत्र छापून आले. लिहिणारे होते जॉर्ज लमेत्र. बेल्जममधील लूव्हाँ विद्यापीठात शिकवणारे हे गणिती पायघोळ काळा झगा घालणारे कॅथलिक धर्मगुरूही होते. विश्वाला आरंभ असलाच तर तो कसा असेल, एवढाच त्या पत्राचा विषय. परंतु त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट छापलेल्या मजकुरात नाही. टंकलिखिताच्या अखेरीस आणखी एक परिच्छेद होता. ईश्वर हा मुळातच गुप्त असतो आणि नवे पदार्थविज्ञान सृष्टीच्या उत्पत्तीवर पडदा ओढते, याचा श्रद्धावंताला संतोषच वाटावा, अशा आशयाचा. पत्र धाडण्यापूर्वी लमेत्र यांनी तो खोडून टाकला.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला खोडलेल्या ओळींचे कुतूहल असते. त्यातून मी शाळामास्तर. 'विश्वाच्या आधी काय होतं, गुरुजी?' हा प्रश्न वर्गात दरसाल कोणी ना कोणी विचारतोच. माझे गणित मॅट्रिकबरोबर संपले, तेव्हा समीकरणांच्या वाटेने मी त्या प्रश्नापर्यंत जाऊ शकत नाही. पण तो प्रश्न ज्या माणसांनी आयुष्यभर वागवला त्यांचा इतिहास मला वाचता येतो, आणि त्या इतिहासात हा खोडलेला परिच्छेद मला फार मोठा वाटतो.

मूळ हकीकत अशी. लमेत्र यांनी १९२७ साली आइन्स्टाइन यांच्याच समीकरणांवरून दाखवले की विश्व स्थिर नसून प्रसरण पावते आहे. त्याच वर्षी ब्रुसेल्सला दोघांची भेट झाली. आइन्स्टाइन यांनी गणित बरोबर ठरवले, निष्कर्ष मात्र त्यांना मुळीच रुचला नाही. १९२९ साली हबल यांनी अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेतून निष्कर्ष मांडला, की जी दीर्घिका जितकी दूर तितकी ती अधिक वेगाने आपल्यापासून लांब जाते. मग लमेत्र यांनी पुढचे पाऊल टाकले. आज सारे पसरते आहे, तर काल ते जवळ असणार, परवा आणखी जवळ. असे मागे मागे जात राहिले तर सगळे विश्व एका आदिअणूत सामावलेले सापडेल. आणि त्या ठिकाणी अवकाश व काल या शब्दांना अर्थच उरणार नाही. तो अर्थ आदिअणू फुटल्यावरच येईल.

मुलांना हे सांगताना मी म्हणतो, 'आपली शाळा सुरू झाली त्याच्या आदल्या दिवशी तिसऱ्या तासाला कोणता विषय होता? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तासच नव्हते.' हुशार मूल लगेच म्हणते, 'पण गुरुजी, शाळेची जागा तर होती ना!' इथे माझा दृष्टान्त संपतो. लमेत्र यांच्या आरंभाला जागाही नव्हती. 'आधी' हा शब्दच तिथे जन्माला यायचा होता.

विद्वानांना हे पचले नाही. लमेत्र यांचे केंब्रिजमधील गुरू एडिंग्टन यांना विश्वाला आरंभ असण्याची कल्पनाच अप्रिय होती. १९४८ साली केंब्रिजच्याच हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी दुसरा पक्ष उभा केला. विश्व पसरते खरे, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत अगदी मंद गतीने नवे द्रव्य उत्पन्न होत राहते; म्हणून त्याचे रूप सदासर्वकाळ सारखेच. त्याला आरंभ नाही, तेव्हा 'आरंभाच्या आधी' हा प्रश्नही नाही. पुढल्या वर्षी बीबीसीवरील व्याख्यानात, श्रोत्यांना दोन मतांतला फरक चटकन उमगावा म्हणून हॉइल यांनी विरुद्ध पक्षाला 'बिग बँग' असे नाव दिले. विरोधकाने दिलेले नाव जगभर रूढ झाले, ही त्यातली गंमत. हॉइल नास्तिक, आरंभ म्हटला की त्यांना बायबलातल्या उत्पत्तिकथेचा वास येई.

आणि तो वास खरा ठरावा असेच १९५१ साली घडले. २२ नोव्हेंबर रोजी पोप बारावे पायस यांनी आपल्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले व आधुनिक विज्ञानाने सृष्टीच्या उत्पत्तीची जणू साक्षच दिली, असे सुचविले. एखादा धर्मगुरू धन्य झाला असता! लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत ही एक भौतिक कल्पना आहे, उद्या ती चुकीचीही ठरेल, आणि श्रद्धेचा पाया अशा वाळूवर घालू नये, ही त्यांची भूमिका. १९५२ च्या सप्टेंबरात रोमला खगोलशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली, तेव्हा पोप त्यांच्यापुढे बोलले. परंतु तो दावा त्यांनी पुन्हा केला नाही. यामागे लमेत्र यांची रदबदली होती, असे इतिहासकार मानतात. स्वतःच्या धर्मपीठाने आपल्या गळ्यात घातलेली माळ नम्रपणे काढून ठेवणे सोपे नसते.

निकाल आकाशातूनच यायचा होता. १९६४ साली न्यू जर्सीतील होल्मडेल येथे पेंझियास आणि विल्सन हे दोघे कर्ण्याच्या आकाराचा मोठा अँटेना घेऊन बसले होते. सर्व दिशांनी सारखाच खरखराट येई. आत कबुतरांनी घरटी केली होती; त्यांची विष्ठा धुऊन काढली, तरी आवाज हटेना. तो होता विश्वाच्या तप्त बाल्यावस्थेतला, आता उणे २७० अंशांपर्यंत थंडावलेला प्रकाश. हा शोध १९६५ साली प्रसिद्ध झाला आणि आजारी लमेत्र यांच्या कानी तो त्यांच्या सहकाऱ्याने घातला. २० जून १९६६ रोजी ते वारले.

या कथेतला पराभूत पक्ष आपल्या घरापर्यंत येतो. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर हॉइल यांचे विद्यार्थी. बहुतेक विद्वान महास्फोटाकडे वळल्यावरही ते वळले नाहीत. १९९३ साली हॉइल व बर्बिज यांच्यासह त्यांनी अनादी विश्वाचा सुधारित सिद्धांत मांडला. तो फारसा मान्य झाला नाही. मात्र विश्वरचनाशास्त्रावरील आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांनी महास्फोटाचा सिद्धांत विद्यार्थ्यांसाठी सविस्तर शिकवला आहे. ज्या मताशी जन्मभर भांडायचे ते मुलांना नीट समजावून द्यायचे, हे मास्तरकीचे व्रत मला लमेत्र यांच्या खोडण्याच्या जातीचेच वाटते. २० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात निवर्तले.

आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात. पण अगदी पहिल्या निमिषाशी पोचले की गुरुत्वाकर्षणाचे शास्त्र आणि अणूंचे शास्त्र एकमेकांशी जुळत नाहीत. १९८३ साली हॉकिंग व हार्टल यांनी काठच नसलेल्या कालाची कल्पना मांडली. पुढे पेनरोज यांनी आपल्या विश्वाआधी दुसरे विश्व असल्याचे सुचविले. कोणताच पक्ष अजून सिद्ध झालेला नाही.

अशा वेळी मोह होतो तो पोपनाच होतो असे नाही. आपल्याकडेही सभांतून वक्ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त काढतात आणि पूर्वजांना सारे ठाऊक होते म्हणून टाळ्या घेतात. मूळ सूक्त पाहावे. सात ऋचांच्या शेवटी कवी कोणताही निर्णय देत नाही. परमाकाशात बसलेल्या अध्यक्षाला तरी हे ठाऊक असेल का, अशी शंका ठेवून तो थांबतो. ज्याने शंका ठेवली त्याच्या तोंडी आपण उत्तर घालतो, हा त्या कवीवर अन्यायच नव्हे काय?

मुलांना मी कोणाच्या पक्षाचे करू इच्छीत नाही. आकाशाने काय सांगितले, गणिताने काय सुचविले आणि आपल्या मनाला काय हवेसे वाटते, हे तीन रकाने त्यांनी वहीत वेगळे आखावेत, एवढेच मी त्यांना सांगतो. लमेत्र यांनी तिसऱ्या रकान्यातला मजकूर खोडला, म्हणून त्यांची श्रद्धा उणी झाली नाही. ते अखेरपर्यंत धर्मगुरूच राहिले. फक्त तो मजकूर त्यांनी पहिल्या रकान्यात जाऊ दिला नाही.