पुणे-कराची : दिल्लीहून जवळ, तरीही दिवसभराचा प्रवास

पुणे (प्रतिनिधी) - पुण्याहून दिल्ली जवळ की कराची, असा प्रश्न केल्यास बहुतेक पुणेकर दिल्लीचेच नाव घेतील. नकाशा मात्र वेगळे सांगतो. लोहगाव विमानतळापासून दिल्लीचे हवाई अंतर सुमारे ११५५ किलोमीटर, तर कराचीचे सुमारे ९९० किलोमीटर आहे. मुंबईहून कराची तर ८८० किलोमीटरच्या आसपास भरते.

प्रवासी जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला आणि उड्डाण व उतरण्यासाठी लागणारा अधिक वेळ मिळविला, तर पुणे-कराची हे अंतर पावणेदोन तासांत कापता येईल. पाकिस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. त्यामुळे येथून सकाळी दहाला निघालेला प्रवासी तेथील सव्वाअकराला पोहोचेल. अर्थात हा हिशेब कागदावरचा; पुण्याहून कराचीला थेट नियमित विमानसेवा नाही. मुंबई-कराची मार्गावरील पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सची सेवाही मे २०१७ मध्ये थांबली.

आता उरतो तो वळसा. पुण्याहून मोटारीने मुंबई, तेथून दुबई (सुमारे १९३० किलोमीटर) आणि दुबईहून पुन्हा पूर्वेकडे कराची (सुमारे ११९० किलोमीटर). नुसते हवाई अंतरच ३१०० किलोमीटरांच्या वर जाते. प्रत्यक्ष उड्डाणाचे पाच तास, त्यात विमानतळांवरील प्रतीक्षा धरल्यास दिवस सहज संपतो. दुबईत विमान बदलताना प्रवासी कराचीवरून पुढे जाऊन मागे येतो, ही यातील गंमत म्हणावी की खंत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एके काळी हा मार्ग असा दुरावलेला नव्हता. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतील प्रसिद्ध एन.जे.व्ही. शाळेचे नाव नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्यांवरून पडले आहे. भारतीय टपाल विमानसेवेचा आरंभही याच वाटेवर झाला. जे.आर.डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून पस मॉथ विमानात टपाल घेतले व अहमदाबादमार्गे जुहू गाठले. ताशी साधारण १६० किलोमीटर वेगाच्या त्या छोट्या विमानाने सकाळी निघून दुपारी मुंबईत पोहोचता आले! आजच्या दुबईमार्गे प्रवासाला त्याहून अधिक वेळ लागतो.

या अंतराची झळ पुण्यात सर्वाधिक बसते ती पिंपरी कॅम्पला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची येथे वसाहत झाली. आजी-आजोबांचे गाव विमानाने दोन तासांच्या आत; पण तेथे जाण्यासाठी व्हिसाची अट कायमच कडक राहिली. व्हिसा देशाचा नव्हे, तर ठराविक शहरांचा मिळे. कराचीतही आज काही मराठी कुटुंबे आहेत व ती गणेशोत्सव साजरा करतात. त्यांचीही स्थिती हीच.

रेल्वेचा पर्याय काही काळ होता. मुनाबाव-खोखरापार मार्गे थर एक्स्प्रेस फेब्रुवारी २००६ मध्ये सुरू झाली, ती ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडली. पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी नागरिकांची व्हिसा सेवा स्थगित केली, अटारीची तपासणी चौकी बंद केली. दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली आणि ही मुदत पुढे महिन्या-महिन्याने वाढविण्यात आली.